आपणहून

रविवारी दुपारी भुंगा चालत आला आणि त्याची बायको मुलीला घेऊन बसने आली. एकाच घरातून निघून दोघं वेगवेगळी आली, त्यावरून थोरलीला काय ते कळलं. दार तिनेच उघडलं होतं. "या भाऊजी," म्हणत तिने दिराच्या हातातलं जाकीट घेतलं. त्याने मान खाली घालूनच बूट काढले.

लहानपणी सारखा गुणगुणायचा म्हणून घरात त्याला भुंगा म्हणत. मोठा झाला, लिफ्ट दुरुस्त करू लागला, तरी खोड गेली नाही. तो खाली खड्ड्यात उतरून काम करत असला की वरच्या मजल्यावर उभ्या राहिलेल्या लोकांना त्याचं गुणगुणणं ऐकू यायचं. ते काम आता सुटलं होतं. लिफ्ट अडकली की व्हॅन घेऊन धावावं लागतं, आणि कोर्टाने त्याचं लायसन्स काढून घेतलं होतं. पण निभावलं तेवढ्यावर नाही. भुंगा इथला नागरिक नव्हता. त्याच्याकडे राहण्याचा परवाना होता. कायमचा म्हणत त्याला. तो परवाना रद्द झाल्याचं शुक्रवारी वकीलबाईंनी दोघा भावांना समोर बसवून सांगितलं होतं.

दादाने जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचलून ठेवलं होतं. टेबलाची काच त्याने स्वतः कापलेली. खिडक्या-दारांच्या काचा बसवण्याचा त्याचा कारखाना होता आणि घरातली एकही काच त्याने बाहेरून आणली नव्हती. आई एका टोकाला बसली होती. भुंगा तिच्या शेजारी बसला. धाकटी, म्हणजे भुंग्याची बायको, समोरच्या बाजूला, थोरलीच्या खुर्चीलगत बसली. चिऊला मागच्या खोलीत चित्रं काढायला बसवलं. ती नऊ वर्षांची होती. तिला काही कळत नाही असं मानणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

"हे बघा," दादा म्हणाला, "वकीलबाई भित्री आहे. ती म्हणते, आपणहून निघून जा, म्हणजे नावावर हद्दपारीचा शिक्का बसणार नाही आणि काही वर्षांनी परत अर्ज करता येईल. मी म्हणतो, का जायचं? मी दुसरा वकील गाठलाय. तो म्हणाला, अपील करू. मुलगी इथे वाढली, इथल्या शाळेत जाते, बापाशिवाय तिचे हाल होतील, हे नीट मांडलं तर न्यायाधीशाचं मन वळतं."

"आणि नाही वळलं तर?" थोरलीने विचारलं.

"तर मग बघू."

"तर मग हद्दपारी, वहिनी," भुंगा म्हणाला. "पोलीस विमानात बसवून देतात. पुढची पुष्कळ वर्षं इथे पाऊल टाकायचं नाही. आणि माझ्या परवान्यावर ही दोघं आहेत. माझा गेला की त्यांचाही जातो."

"अरे, पण तू काय खून केलायस का?" आईचा आवाज चढला. "चूक झाली. कोर्टाने शिक्षा दिली, तू भोगलीस. एकाच चुकीला दोनदा शिक्षा करतात का कधी?"

थोरली उठली, पाण्याचा तांब्या आणून टेबलावर ठेवला, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "त्या बाईंबद्दल कोणी बोलणार आहे का?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. "तो विषय संपला. विम्याने सगळं दिलं त्यांना."

"माझ्या वॉर्डातून गेल्यात त्या. अजून व्यायामाला येतात. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. व्हायोलिन शिकवायच्या. आता काय करतात ते मी विचारलं नाही, माझी हिंमत झाली नाही."

ती परिचारिका होती. अपघाताच्या दिवशी ती कामावरच होती, आणि त्या बाईंना आत आणलं तेव्हा आपल्याच दिराने त्यांना उडवलंय हे तिला माहीत नव्हतं. भुंग्याच्या कामावरचा एक सोबती नोकरी सोडून चालला होता, म्हणून दुपारचं जेवण होतं. तिथे भुंगा प्यायला. सगळेच प्यायले, पण बाकीचे तिथेच बसून राहिले. भुंगा उठून गाडी काढून चिऊला पोहण्याच्या क्लासवरून आणायला निघाला. तलावाच्या फाटकासमोरच त्याने सायकलवरच्या त्या बाईंना मागून धडक दिली. लख्ख ऊन होतं. रस्ता मोकळा होता.

"मी काय म्हणतो," दादा म्हणाला, "दारू पिऊन गाडी चालवणारा हा पहिलाच आहे का या शहरात?"

"नाही ना," थोरली म्हणाली. "पहिले तुम्ही होतात."

आईने वर बघितलं. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त टेबलावर कोणी आणत नसे. कारखाना उघडला त्या वर्षी दादाही पकडला गेला होता. नशिबाने मधे कोणी आलं नव्हतं. दंड भरला, सहा महिने बसने फिरला, पुढे त्याचे विनोदही करून झाले.

"तुमचं लायसन्स गेलं," थोरली म्हणाली, "यांचा देश जातोय. तुम्ही नागरिक, हे परदेशी. एवढाच फरक. म्हणून म्हणते, त्या दुसऱ्या वकिलाच्या नादी लागू नका. तुमचं निभावलं म्हणून यांचंही निभावेल असं नाही."

दादाला राग आला. कारण थोरली म्हणत होती ते खरं होतं, आणि त्यापुढचं एक ती म्हणत नव्हती. दोघा भावांनी नागरिकत्वाचा अर्ज एकाच वर्षी करायचं ठरलं होतं. इथलं घ्यायचं तर तिकडचं सोडावं लागे. तिकडे बाबा अंथरुणाला खिळलेले, आई एकटी. केव्हाही धावावं लागेल, अशा वेळी व्हिसासाठी कुठे थांबत बसायचं, म्हणून भुंग्याने अर्ज मागे ठेवला. "दादा, तू कर. एकाने तरी तिकडचं राहायला हवं," म्हणाला होता. बाबांच्या शेवटच्या दिवसांत भुंगाच पाच वेळा जाऊन आला. दादा अंत्यविधीलाही पोचू शकला नाही. त्यानंतर तिकडचं घर विकलं, आई इकडे आली, आणि अर्ज मात्र राहून गेला तो गेलाच.

आई हे सगळं जाणून होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

*

चहा टाकायला थोरली आत गेली तशी धाकटी तिच्या मागून आली. दोघी जावांचं कधी फारसं जमलं नव्हतं. थोरली मोठ्याने बोलणारी, धाकटी ओठ मिटून बसणारी. एका घरात राहत होत्या त्या काळात फ्रिजमधल्या कप्प्यांवरूनसुद्धा दोघींची तोंडं महिनाभर दोन दिशांना होती.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "मला तुमची मदत लागेल आज."

थोरलीने गॅस बारीक केला.

"आमच्या मालकांनी मला बोलावलं होतं." धाकटी दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. डॉक्टरांनी पाठवलेल्या ठशांवरून दात घडवायचे, त्यांना शेजारच्या दातांचा रंग द्यायचा. तिच्या हाताचा दात तोंडात कुठला ते कोणाला ओळखू येत नसे. "ते म्हणाले, तुझ्या कामावर तुला स्वतंत्र परवाना मिळवून देतो. तुझा आणि मुलीचा. पण ह्यांची केस चालू आहे तोवर नाही. ह्यांनी अपील केलं तर आम्ही तिघं एकाच फायलीत अडकतो. ती फाइल बुडाली की तिघं बुडतो."

"म्हणजे भाऊजींनी जायचं, आणि तुम्ही दोघींनी राहायचं."

"हो."

"त्यांना सांगितलंस?"

धाकटीने मान हलवली. नाही. "घरी आम्ही बोलतच नाही. ते बोलायला आले की माझ्या डोळ्यांपुढे ते फाटक येतं. चिऊ फाटकात उभी होती, जाऊबाई. टॉवेल गळ्यात घालून. तिने बाबाची गाडी ओळखली, हात केला, आणि तिच्या देखत..." ती थांबली. "थोड्या वेळाने घडलं असतं तर चिऊ गाडीत असती. रोज रात्री मी तिला त्या गाडीत बसवते आणि उतरवते."

चहा उतू गेला. दोघींनी एकदमच हात पुढे केला, आणि थोरलीने धाकटीचा हात धरून तसाच ठेवला.

"मी नवऱ्याला सोडून चालले, असं म्हणतील सगळे," धाकटी म्हणाली.

"म्हणू देत. मी आहे ना. माझ्या आवाजापुढे कोणाचा निघतो का या घरात?"

धाकटीला हसू आलं, आणि त्याच हसण्यात रडू फुटलं.

*

धाकटीने टेबलाशी येऊन सगळ्यांना सांगितलं तेव्हा खाली बघूनच सांगितलं, एका दमात.

दादा खुर्ची मागे सारून उभा राहिला. "वा! नवरा गटांगळ्या खातोय आणि तू होडीत चढून बसणार?"

"अहो, खाली बसा," थोरली म्हणाली.

"का बसू? आमच्या घरात असं कोणी—"

"होडीत ती एकटी नाही, पोर आहे. की पोरीलाही पाण्यात टाकायचं, सोबत म्हणून?"

"तू मधे पडू नकोस!"

"पडणार."

आई धाकटीकडे बघत होती. "अगं, एकदा पाठ फिरवलीस की माणूस तुटतो गं," ती म्हणाली. रागाने नाही, विनवणीने. धाकटीला रागापेक्षा ते जास्त लागलं.

बायकोने आपल्याला न सांगता हे ठरवलं हे भुंग्याला आत कुठेतरी लागलं, आणि पाठोपाठ असंही वाटलं की चला, एक तरी दोर शाबूत आहे. लिफ्ट पडत नाही ती एवढ्याचसाठी, की दोर एकापेक्षा जास्त असतात. हे तो शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगायचा. त्याने पाण्याचा पेला बाजूला केला.

"दादा, त्या दुसऱ्या वकिलाला मी काल फोन केला होता," तो म्हणाला.

"मग? सांगितलं ना त्याने?"

"सांगितलं. म्हणाला, मुलीला मानसतज्ज्ञाकडे न्यायचं. बाबा गेला तर तुला कसं वाटेल, ते तिच्याकडून वदवून घ्यायचं. न्यायाधीशापुढे ती रडली तर उत्तम, असं म्हणाला. हाच शब्द."

भुंग्याने मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"तिने जे बघितलं ते मी तिला बघायला लावलं. आता त्याच्याच जोरावर मला वाचव, असं तिला सांगू? अपघातापासून ते पोर कोणाजवळ रडलेलं नाही. आणि माझ्यासाठी परक्या माणसांपुढे रडायचं?" तो बायकोकडे वळला. "तू बरोबर ठरवलंस. मालकांना हो म्हणून सांग. मी आपणहून जातो."

धाकटीने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. कितीतरी दिवसांनी. तिला काही म्हणायचं होतं, पण ओठ मिटायची सवय अशी, की उघडेनात.

"तिकडे जाऊन राहशील कुठे?" दादाने विचारलं. त्याचा आवाज उतरला होता. "घर तर आपण विकलं."

"बघेन भाड्याने. लिफ्टा तिकडेही आहेत."

"आणि मी," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"मी जाते याच्याबरोबर."

"आई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" दादा म्हणाला. "किती खटपट करून तुला आणलं. तुझा परवाना नवा आहे. जास्त दिवस बाहेर राहिलीस तर तोही जाईल. मग मला तिकडे येऊन तुला भेटावं लागेल, पाहुण्यासारखं."

"ये की पाहुण्यासारखा. चांगला पाहुणचार करीन."

"आई, नको," भुंगा म्हणाला. "मला सांभाळायला कोणी नकोय. जेवण येतं मला करता."

"तुझ्या जेवणासाठी कोण येतंय?" आईने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "त्या दिवशी सगळे प्यायले आणि बसून राहिले, तू उठलास. आज लोक असताना पितोस. उद्या एका खोलीत एकटा बसशील, तेव्हा तुला पुरे म्हणायला कोण असेल? बायको-पोर इथे. मी तिथे असले की लाजेकाजेने तरी बाटली आणणार नाहीस. आणलीस तर मी ओतून देईन. माझ्यात तेवढा जोर आहे अजून."

भुंग्याने हात सोडवून घेतला नाही. त्याची मान इतकी खाली गेली की कपाळ काचेला टेकलं.

दादा बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने थोरली त्याच्यामागून गेली. तो रडत होता. लग्नापासून तिने त्याला रडताना बघितलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. भांडण तिच्या ओठांवरच होतं, ते तिने गिळलं.

"दोघंही चालले," दादा म्हणाला. "मीच त्याला बोलावून घेतलं होतं इथे. ये, मी आहे, असं सांगून."

"आहातच की," ती म्हणाली. "आता त्यांच्या पोरीसाठी राहा."

*

भुंगा मागच्या खोलीत गेला तेव्हा चिऊ चित्र काढत नव्हती. सगळे खडू तिने रंगाप्रमाणे लावून ठेवले होते.

"मी ऐकलं," ती म्हणाली. "दादाकाका जोरात बोलतात."

तो जमिनीवर तिच्यासमोर बसला.

"तू परत कधी येणार?"

"सांगता येत नाही. अर्ज करीन. ते हो म्हणतील तेव्हा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर तू मोठी झालीस की तू येशील मला भेटायला."

तिने एक खडू उचलला आणि परत जागेवर ठेवला. "बाबा, तू प्यायला नसतास तर जावं लागलं असतं का?"

काहीतरी गोड उत्तर त्याच्या तोंडापर्यंत आलं. कायदा, सरकार, कठीण माणसं. त्याने ते आलं तसं परतवलं.

"नाही," तो म्हणाला. "मग जावं लागलं नसतं."

"मग का प्यालास?"

बाहेर कोणीतरी कप विसळत होतं.

"मला खरंच माहीत नाही, चिऊ," तो म्हणाला. "माहीत असतं तर तुला पहिलं सांगितलं असतं."

चिऊने त्याच्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. ती रडली. मोठ्याने, हुंदके देऊन, अपघातानंतर पहिल्यांदाच. दारात धाकटी येऊन उभी राहिली. क्षणभर तिला वाटलं, मुलीला त्याच्यापासून उचलून घ्यावं. मग ती आत आली आणि त्या दोघांच्या शेजारी जमिनीवर बसली. तिने नवऱ्याला हात लावला नाही, पण त्याच्या खांद्याला तिचा खांदा लागला तो तिने बाजूलाही घेतला नाही.

*

निघायचा दिवस ढगाळ होता. विमानतळाच्या काचेच्या भिंतीपर्यंत सगळे आले. दादाने आईच्या बॅगेचं कुलूप तीनदा ओढून बघितलं आणि थोरलीने त्याला एकदाही टोकलं नाही. धाकटीने भुंग्याच्या हातात एक डबी दिली. गेल्या वर्षी त्याच्या दाढेचा तुकडा पडला होता, आणि बसवून घेऊ बसवून घेऊ म्हणत राहून गेलं होतं. तिने प्रयोगशाळेत त्या दाढेवर बसवायची टोपी घडवली होती. "तिकडच्या डॉक्टरला दे," ती म्हणाली. "बरोबर बसेल. माप माझ्याकडे होतं." त्याने डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. चिऊने त्याच्या कमरेला मिठी मारली आणि सोडवावी लागायच्या आत स्वतःच सोडली.

आत शेवटच्या खिडकीशी एक तरुण अधिकारी बाई बसली होती. तिने भुंग्याचा पासपोर्ट बघितला, पडद्यावर काहीतरी वाचलं, आणि परवान्याचं कार्ड मागितलं. त्याने दिलं. तिने ते शेजारच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला. मग आईचे कागद घेतले. तिचं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि आईला काहीतरी विचारलं. आईला ती भाषा अजून येत नव्हती. ती मुलाकडे बघू लागली.

"काय म्हणते?"

"म्हणते," भुंगा म्हणाला, "जास्त दिवस बाहेर राहिलात तर तुमचाही परवाना रद्द होईल. तुम्हाला हे माहीत आहे का?"

"सांग तिला, माहीत आहे."

त्याने सांगितलं. अधिकारी बाईने आईकडे एकवार बघितलं, शिक्का मारला आणि कार्ड परत दिलं. भुंगा तसाच उभा होता. कार्ड दिलेला हात अजून खिडकीच्या कडेवर उघडाच होता, जणू त्यात काही परत मिळायचं राहिलंय.

मागची माणसं खोळंबली होती. आईने आपलं कार्ड कंबरेच्या पिशवीत खोचलं, पायापाशी ठेवलेली मोठी पिशवी उचलली आणि तिचे बंद त्याच्या त्या हातात दिले.

"धर," ती म्हणाली. "जड आहे."